फास्ट फूड कंपनीचा शेअर: पी/ई कुठल्या नफ्यावर लावायचा आणि किती?

ताळेबंद (मूळ लेख; खाली इतर सदस्यांचे प्रतिसाद)

पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणारी वेस्टलाइफ फूडवर्ल्ड ही मुंबईची कंपनी. तिचे तीन वर्षांचे आकडे आधी शेजारी शेजारी ठेवतो. चर्चेचा सगळा प्रश्न त्यांत आहे.

मार्च २०२३ अखेर: विक्री २,२७८ कोटी, निव्वळ नफा सुमारे ११२ कोटी, दुकानं ३५७.
मार्च २०२४ अखेर: विक्री २,३९२ कोटी, निव्वळ नफा सुमारे ६९ कोटी, दुकानं ३९७.
मार्च २०२५ अखेर: विक्री २,४९१ कोटी, निव्वळ नफा सुमारे १२ कोटी, दुकानं ४३८.

शेअर आहेत १५.५९ कोटी. म्हणजे प्रति शेअर कमाई ७.१५ रुपयांवरून ४.४४ वर आणि तिथून ०.७८ वर आली. भाव तिन्ही वर्षं ७०० रुपये धरू. आजचा भाव हा नाही, हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेला आकडा आहे. पी/ई, म्हणजे भाव भागिले प्रति शेअर कमाई, अनुक्रमे ९८, १५८ आणि ८९७ येतो. भाव जागचा हलला नाही, तरी तोच शेअर 'नऊपट महाग' झालेला दिसतो.

स्क्रीनर (शेअर निवडून देणारी वेबसाइट) लावून 'पी/ई ६० च्या आत' अशी चाळणी मारणाऱ्याला ही कंपनी कधी दिसणारच नाही. उलट चांगल्या वर्षाचा पी/ई बघून घेणाऱ्याने अगदी शिखरावरचा नफा गुणलेला असतो. दोघांची चूक एकच आहे. पटीतला वरचा आकडा, म्हणजे भाव, रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून सगळे त्यावर वाद घालतात. खालचा आकडा, म्हणजे नफा, छापील आहे म्हणून खरा धरतात. रेस्टॉरंटच्या धंद्यात खालचा आकडाच जास्त डळमळीत असतो.

माझं म्हणणं असं की पटीचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यावा. त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: हा नफा ब्रँडच्या मालकाचा आहे की दुकान चालवणाऱ्याचा, भाड्याचा हिशोब कसा लिहिलाय, आणि साधारण वर्षात एका दुकानाचा गल्ला किती असतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

गल्लापेटी

पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अमेरिकेतली मॅकडोनाल्ड्स कॉर्पोरेशन आणि आपली वेस्टलाइफ यांच्या पाटीवर नाव एकच आहे, धंदे दोन आहेत. मूळ कंपनीची जवळजवळ ९५ टक्के रेस्टॉरंट्स फ्रँचायझी चालवतात. २०२३ मध्ये तिचं उत्पन्न सुमारे २५.५ अब्ज डॉलर होतं आणि कामकाजाचा नफा सुमारे ११.६ अब्ज, म्हणजे ४५ टक्क्यांच्या वर. फ्रँचायझींकडून आलेले १५.४ अब्ज डॉलर बघितले तर त्यातले ९.८ अब्जांच्या आसपास नुसतं भाडं आहे, कारण बऱ्याच ठिकाणी जागा किंवा जागेचा दीर्घ करार कंपनीच्या नावावर असतो. बटाटा महागला, पगार वाढले, तर पहिला फटका फ्रँचायझीला बसतो. भाडं आणि रॉयल्टी विक्रीवर ठरते.

भारतात तसं नाही. इथे वेस्टलाइफ परवानाधारक आहे. जागा तिने शोधायची, दुकान तिने उभं करायचं, माणसं तिची आणि तोटाही तिचा. वर ती विक्रीवर रॉयल्टी देते, आणि तीही टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी.

याचा नफ्यावर परिणाम कसा होतो ते बघा. दुकान चालवणाऱ्या एका काल्पनिक कंपनीची विक्री १०० रुपये धरा. विक्रीबरोबर हलणारे खर्च: कच्चा माल आणि पॅकिंग ३०, रॉयल्टी ५, जाहिरात ५, डिलिव्हरी अॅपचं कमिशन वगैरे ७. एकूण ४७. उरले ५३. आता विक्री होवो न होवो, करावेच लागणारे खर्च: पगार १२, भाडं १०, वीज-दुरुस्ती-इतर १२, मुख्यालय ६, घसारा ७. हेही ४७. करपूर्व नफा ६ रुपये.

गिऱ्हाईक ५ टक्के घटलं तर ५३ चे ५०.३५ होतात, नफा उरतो ३.३५. म्हणजे विक्री ५ टक्के खाली आणि नफा ४४ टक्के खाली. गिऱ्हाईक १० टक्के घटलं तर नफा ७० पैसे, म्हणजे ८८ टक्के घट.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं आणि मेनूचे दर ५ टक्के वाढवले, तर कच्च्या मालाचे ३० तसेच राहतात, फक्त रॉयल्टी-जाहिरात-कमिशन १७ चे १७.८५ होतात. नफा ६ वरून १०.१५ वर जातो. म्हणून 'जुन्या दुकानांची विक्री ५ टक्के वाढली' एवढं वाचून थांबू नये. ती बिलांच्या संख्येने वाढली की दराने, हे कॉन्कॉलमध्ये (निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते त्यात) शोधावं. दरवाढीने आलेली वाढ नफ्यात आधी झकास दिसते, पण त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं तर पुढच्या वर्षी वरचं ८८ टक्क्यांचं गणित सुरू होतं.

चौकस

गल्लापेटी, तुमच्या उदाहरणातला १० टक्क्यांचा आकडा वेस्टलाइफला थेट लागू होतो का? ताळेबंद यांच्या आकड्यांवरून विक्री भागिले दुकानं केलं तर २०२३ ला ६.३८ कोटी येतात आणि २०२५ ला ५.६९ कोटी.

गल्लापेटी

तुम्ही वर्षअखेरच्या दुकानांनी भागलंय. मार्चमध्ये उघडलेलं दुकान वर्षभराच्या विक्रीत नसतं, म्हणून सुरुवातीची आणि अखेरची संख्या यांची सरासरी घ्यावी. मार्च २०२२ ला ३२६ दुकानं होती, म्हणजे २०२३ ची सरासरी ३४१.५. दर दुकानी ६.६७ कोटी, दिवसाला साधारण १ लाख ८३ हजार. २०२५ ची सरासरी ४१७.५. दर दुकानी ५.९७ कोटी, दिवसाला १ लाख ६४ हजारांच्या आत.

घट साडेदहा टक्के. आणि नफा ११२ वरून १२, म्हणजे ८९ टक्के घट. माझ्या काल्पनिक शंभर रुपयांशी हे इतकं जुळणं हा थोडा योगायोग आहे, कारण मधल्या काळात पगार, भाडी आणि रॉयल्टीही वाढली आणि कंपनीने आपल्या बाजूने खर्चही कापले. पण दिशा आणि तीव्रता हीच.

एक सावधगिरी. सरासरी गल्ला घटला म्हणजे सगळी मागणीच घटली असं नाही. नवी दुकानं लहान शहरांत उघडली की सरासरी आपोआप खाली येते. ते वेगळं काढायला जुन्या दुकानांच्या विक्रीचा आकडा बघायचा. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ च्या तिमाहीत वेस्टलाइफचा तो आकडा सुमारे उणे ९ टक्के होता, त्यामुळे मागणी खरोखरच मंदावली होती हे स्पष्ट आहे.

भाडेकरार

दुसऱ्या मुद्द्यावर मी लिहितो. हा भाग नीट समजल्याशिवाय भारतातल्या कुठल्याही साखळी रेस्टॉरंटचा पी/ई वाचू नये असं माझं ठाम मत आहे.

१ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे भाडेकरारांच्या नोंदीचं भारतीय लेखामानक लागू झालं. तेव्हापासून दुकानाचं भाडं नफा-तोटा पत्रकात 'भाडं' म्हणून जवळजवळ दिसतच नाही. करार जितक्या वर्षांचा धरलाय तितक्या वर्षांचं भाडं आजच्या किमतीत आणून एका बाजूला मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला देणं म्हणून दाखवतात. मग दरवर्षी त्या मालमत्तेचा घसारा आणि त्या देण्यावरचं व्याज खर्चात पडतं.

एकच दुकान घ्या. भाडं वर्षाला १० लाख, करार १० वर्षं, व्याजदर ९ टक्के, भाडं वर्षअखेर. आजची किंमत ६४.१८ लाख. घसारा दरवर्षी ६.४२ लाख. पहिल्या वर्षाचं व्याज ५.७८ लाख. दोन्ही मिळून १२.२० लाख. खिशातून गेले १० लाख, पत्रकात लागले १२.२०. दहाव्या वर्षी देणं ९.१७ लाखांवर आलेलं असतं, व्याज ०.८३ लाख, एकूण खर्च ७.२५ लाख. खिशातून तेव्हाही १० लाखच जातात. दहा वर्षांची बेरीज दोन्हीकडे बरोबर १०० लाख.

म्हणजे दुकान नवं असताना नफा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि जुनं झाल्यावर जास्त दिसतो. दरवर्षी ४० दुकानं उघडणाऱ्या कंपनीत नव्यांचा भार कायम जास्त, त्यामुळे छापील नफा सतत दबलेला राहतो आणि पी/ई फुगतो. उद्या त्याच कंपनीने दुकानं उघडणं थांबवलं तर काही वर्षांत नफा आपोआप सुधारेल, आणि एक पैशाचाही धंदा वाढलेला नसेल.

कुठे शोधायचं ते सांगतो. बहुतेक कंपन्या इन्व्हेस्टर प्रेझेंटेशनमध्ये 'इंड एएस ११६ पूर्वीचे' आकडे वेगळे देतात. न दिल्यास रोख प्रवाह पत्रक उघडा आणि वित्तपुरवठ्याच्या भागात भाडेकराराच्या देण्याची परतफेड आणि त्यावरचं व्याज या ओळी शोधा. त्यांची बेरीज म्हणजे बहुतांश प्रत्यक्ष दिलेलं भाडं. नफ्यात या करारांचा घसारा आणि व्याज परत मिळवा, हे भाडं वजा करा, फरकावर कर धरा. जुन्या पद्धतीचा नफा हाती येतो.

याच ओळींमुळे दुसरीही एक चूक सर्रास होते. कामकाजातून आलेली रोख वजा भांडवली खर्च, असा 'मोकळा पैसा' वेबसाइट्स काढून देतात. भाडं तर वित्तपुरवठ्याच्या भागात गेलंय. त्यामुळे त्या आकड्यात दुकानं फुकटच्या जागेत चालल्यासारखी दिसतात. भाडं हाताने वजा करावंच लागतं.

नफातोटा

मग पी/ई सोडून ईव्ही/एबिटडा (बाजारमूल्य अधिक कर्ज वजा रोख, भागिले व्याज, कर आणि घसाऱ्याआधीचा नफा) वापरला तर हा गोंधळ टळत नाही का? ब्रोकरेजचे अहवाल बहुतेक त्यावरच असतात.

भाडेकरार

टळत नाही, जागा बदलते. काल्पनिक आकडे घ्या. बाजारमूल्य १०,००० कोटी, बँकेचं कर्ज ३००, हातातली रोख १००, भाडेकराराचं देणं १,२००. नव्या पद्धतीचा एबिटडा ३३०, वर्षाचं प्रत्यक्ष भाडं १७०.

जुन्या पद्धतीने: १०,२०० भागिले १६०, साधारण ६४ पट.
नव्या पद्धतीने: देणंही धरायचं, म्हणजे ११,४०० भागिले ३३०, साधारण ३५ पट.
चुकीच्या पद्धतीने: वर देणं धरलं नाही आणि खाली नवा एबिटडा घेतला, १०,२०० भागिले ३३०, साधारण ३१ पट.

तिसरा प्रकार इंटरनेटवर सगळ्यात जास्त सापडतो. पहिले दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकाची तुलना दुसऱ्याशी करायची नाही. मी स्वतः पहिला पसंत करतो. भाडं हा दर महिन्याला जाणारा पैसा आहे, त्याला एबिटडाच्या खाली ढकलून धंदा समजत नाही.

आणखी एक. अमेरिकन कंपन्यांशी तुलना करताना हे विशेष जपा. तिकडच्या नियमांनुसार साध्या भाडेकराराचं देणं ताळेबंदात येतं, पण नफा-तोटा पत्रकात भाडं अजूनही सरळ, दरवर्षी सारखं लागतं. म्हणजे चिपोटले या अमेरिकन फास्ट फूड साखळीचा एबिटडा भाडं वजा जाऊनचा आणि आपल्याकडचा भाड्याआधीचा. दोन्हीच्या पटी एका तक्त्यात शेजारी छापणं सरळ चूक आहे.

टपालपेटी

चिपोटलेचं नाव निघालंच आहे तर 'साधारण नफा' या कल्पनेसाठी तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. ही कंपनी जवळजवळ सगळी दुकानं स्वतः चालवते, म्हणजे गल्लापेटी यांच्या दुसऱ्या प्रकारातली.

२०१५ च्या उत्तरार्धात तिच्या रेस्टॉरंट्समधून ई. कोलायची लागण झाली. २०१५ ची प्रति शेअर कमाई १५.१० डॉलर होती, २०१६ ला ती ०.७७ वर आली. दर रेस्टॉरंटची वर्षाची विक्री साधारण २५ लाख डॉलरवरून १९ लाखांच्या खाली गेली आणि रेस्टॉरंट पातळीवरचं मार्जिन २६ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आत. २०१६ अखेर भाव ३७७ डॉलरच्या आसपास होता. पी/ई ४९०. तोच भाव आधीच्या वर्षाच्या कमाईवर लावला तर २५.

२५ पट बघून 'स्वस्त आहे, नफा परत येईल' म्हणणारे शेवटी बरोबर ठरले. २०२३ ला कमाई ४४.३४ डॉलर होती. पण १५.१० चा आकडा पार व्हायला २०२१ उजाडलं. २०१९ ला १२.३८, २०२० ला १२.५२, मग २०२१ ला २२.९० डॉलर. साधारण नफा धरताना तो कधी येणार हेही धरावं लागतं. उद्या येईल असं समजून २५ पट मोजणं आणि पाच वर्षांनी येईल असं समजून मोजणं यात फार मोठा फरक पडतो.

जुने आकडे काढताना एक लक्षात ठेवा: जून २०२४ मध्ये एका शेअरचे ५० झाले. आजच्या तक्त्यात २०१६ ची कमाई दीड सेंटच्या आसपास दिसेल. भाव एका ठिकाणचा आणि कमाई दुसऱ्या ठिकाणची घेतली तर पी/ई पन्नास पटीने चुकतो. ज्युबिलंट फूडवर्क्सचंही तसंच. २०२२ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर दोन रुपयांचा झाला, त्याआधी २०१८ ला एकास एक बोनस होता.

नफातोटा

ज्युबिलंटवरून आठवलं. डॉमिनोज चालवणारी ही कंपनी दोन प्रकारचे निकाल देते, एकत्रित (उपकंपन्या धरून) आणि स्वतंत्र (फक्त मूळ कंपनीचे), आणि दोन्हींचे पी/ई वेगळे पडतात. मार्च २०२४ अखेरच्या वर्षात एकत्रित निव्वळ नफा सुमारे ४०० कोटी, स्वतंत्र नफा सुमारे २३४ कोटी. शेअर ६५.९८ कोटी. भाव ४५० धरला तर एकत्रितवर ७४ पट आणि स्वतंत्रवर १२७ पट. भारतातला धंदा बघायचा तर कुठला घ्यावा?

ताळेबंद

आधी एकत्रित निकालातली 'अपवादात्मक बाबी' ही ओळ बघा. त्या वर्षी ज्युबिलंटने डीपी युरेशियाचा ताबा घेतला, ती तुर्कस्तान, अझरबैजान आणि जॉर्जियात डॉमिनोज चालवते. आधीपासून हातात असलेल्या हिश्शाचं नव्याने मूल्यांकन झालं आणि त्यातून सुमारे १७० कोटींचा कागदी लाभ नफ्यात आला. तो काढला की ४०० चे साधारण २३० होतात आणि ७४ पटीची १२९ पट होते. दोन निकालांतला फरक संपतो. ७४ पटीत 'ज्युबिलंट स्वस्त झाला' असं ज्यांना वाटलं ते एकदाच आलेल्या नोंदीला दरवर्षीचा नफा समजत होते.

पुढच्या वर्षांसाठी एकत्रितच घ्यावा लागेल, कारण बाजारमूल्यात तुर्कस्तानही आहे आणि ताब्यासाठी काढलेलं कर्जही. फक्त तिथे अतिमहागाईची हिशोबपद्धत लागते, त्यामुळे त्या भागाच्या नफ्यात चलनाच्या नोंदी मिसळतात. भारताला एक पट, तुर्कस्तानला वेगळी आणि बरीच कमी पट, मग कर्ज वजा, अशी बेरीज मला जास्त पटते.

असाच प्रकार मूळ मॅकडोनाल्ड्सच्या बाबतीतही झाला. २०२२ ची प्रति शेअर कमाई ८.३३ डॉलर, २०२३ ची ११.५६. वाढ ३९ टक्के दिसते. पण २०२२ मध्ये रशियातून बाहेर पडण्याचा आणि फ्रान्समधल्या करतडजोडीचा खर्च होता. असे खर्च बाजूला ठेवले तर १०.१० वरून ११.९४, म्हणजे १८ टक्के. ३९ टक्के वाढीला जी पट द्याल ती १८ ला देणार नाही.

चौकस

डॉमिनोजच्या बाबतीत जुन्या दुकानांच्या विक्रीचा आकडा वाचताना त्याखालची बारीक टीप जरूर वाचा. ज्युबिलंट जो 'लाइक फॉर लाइक' आकडा देते त्यात विभागलेली दुकानं धरलेली नसतात. डिलिव्हरी लवकर पोचावी म्हणून एका दुकानाच्या हद्दीत दुसरं दुकान काढलं की जुन्याचा गल्ला फुटतो. तसं दुकान या आकड्यातून बाहेर जातं. धंदा म्हणून हा निर्णय योग्य असू शकतो, डिलिव्हरीची वेळ कमी होते, ऑर्डर वाढतात. पण भागधारकाच्या पैशातून दोन दुकानं उभी राहिली आणि गल्ला दीडच दुकानाचा आला, हे त्या आकड्यात दिसत नाही. एकूण विक्री भागिले सरासरी दुकानं, हा गल्लापेटी यांचा साधा भागाकार सोबत ठेवला की ते उघडं पडतं.

गल्लापेटी

अगदी बरोबर. शिवाय जीएसटीचा मुद्दा इथेच नोंदवतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. दुकानाच्या भाड्यावर, किचनच्या यंत्रांवर, रॉयल्टीवर भरलेला १८ टक्के कर परत मिळत नाही, तो थेट खर्चात जातो. ५ टक्के रॉयल्टीचे प्रत्यक्षात ५.९ टक्के होतात. दुकान उभारणीचा खर्चही तितकाच वाढतो आणि पुढे घसाऱ्यातून नफ्यात उतरतो. याची दुसरी बाजूही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये चीज आणि बटरवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. क्रेडिट नसल्यामुळे हा फायदा पूर्ण रेस्टॉरंटच्या पदरात पडू शकतो, अर्थात त्यांनी मेनूचे दर कमी केले नाहीत तर. पिझ्झावाल्यांना हे बर्गरवाल्यांपेक्षा जास्त लागू.

उलटा_हिशोब

आता पट किती, या मूळ प्रश्नाकडे येतो.

'योग्य पी/ई' एका सूत्रातून निघतो: १ वजा (वाढ भागिले भांडवलावरचा परतावा), या सगळ्याला (अपेक्षित परतावा वजा वाढ) ने भागायचं. अपेक्षित परतावा १२ टक्के आणि दीर्घकाळची वाढ ८ टक्के धरा. भांडवलावर १५ टक्के मिळत असतील तर पट येते ११.७. तेच ४० टक्के मिळत असतील तर २०. वाढ तीच, पण पहिल्या कंपनीला त्या वाढीसाठी नफ्यातला निम्म्याहून जास्त पैसा परत दुकानांत घालावा लागतो. ब्रँडच्या मालकाला जास्त पट का मिळते याचं कारण हे आहे. (मॅकडोनाल्ड्स कॉर्पोरेशनच्या बाबतीत भागधारकांच्या निधीवरचा परतावा काढू नका. सततच्या शेअर पुनर्खरेदीमुळे तो निधीच उणे आहे. एकूण गुंतवलेल्या भांडवलावर काढा.)

भारतात वाढीचा काळ लांब आहे म्हणून या सूत्रापेक्षा जास्त पट मिळते, हे मान्य. पण 'लांब आहे' म्हणून ८० की ५०, हे कोणी सिद्ध करू शकत नाही. म्हणून मी हिशोब उलटा करतो. भाव घेतो आणि त्यात काय गृहीत धरलंय ते काढतो.

वेस्टलाइफचा भाव ७०० धरू. तीन वर्षं वर्षाला १२ टक्के परतावा हवा असेल तर भाव ९८३ व्हायला हवा. तेव्हा बाजार ५० पट देईल असं उदारपणे मानलं, तर प्रति शेअर कमाई १९.७ लागेल. गुणिले १५.५९ कोटी शेअर, म्हणजे निव्वळ नफा साधारण ३०७ कोटी. कंपनीने २०२७ साठी ५८० ते ६३० दुकानांचं लक्ष्य सांगितलं होतं. वर्षभर चालणारी ५८० दुकानं धरली आणि दर दुकानी गल्ला २०२३ च्या ६.६७ कोटींवर परत आला असं मानलं, तर विक्री ३,८६९ कोटी. त्यावर ३०७ कोटी म्हणजे ७.९ टक्के निव्वळ मार्जिन.

२०२३ च्या चांगल्या वर्षात ते मार्जिन ४.९ टक्के होतं. म्हणजे ७०० रुपयांना घेणारा तीन गोष्टी एकदम मान्य करतोय: दुकानं ठरल्याप्रमाणे उघडतील, गल्ला पूर्ण परत येईल, आणि मार्जिन आधीच्या चांगल्या वर्षाच्या दीडपटीहून जास्त होईल. पी/ई ९०० आहे की ९८ यावर वाद घालण्यापेक्षा या तीन वाक्यांवर वाद घालणं उपयोगाचं.

टपालपेटी

उलटा_हिशोब, मांडणी पटली, पण एक हरकत आहे. तुम्ही २०२३ चं ४.९ टक्के मार्जिन नव्या पद्धतीचं घेतलंय. भाडेकरार यांनी दाखवल्याप्रमाणे ते दबलेलं आहे. तुलना जुन्या पद्धतीच्या मार्जिनशी व्हायला हवी.

उलटा_हिशोब

मान्य. ती दुरुस्ती केली तर आधारवर्षाचं मार्जिन थोडं वर जाईल आणि दरी थोडी कमी होईल. पण मग ५० पटही कमी करावी लागेल, कारण बाजार देतो त्या पटी छापील, दबलेल्या नफ्यावरच्या आहेत. दुरुस्त नफ्यावर दुरुस्त पट. एकीकडेच दुरुस्ती केली तर आपण स्वतःलाच सूट दिल्यासारखं होतं.

कर मात्र बदलू नका. नवी करपद्धत निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. मागच्या तोट्यामुळे एखाद्या वर्षी कर कमी लागला असेल तर तो नफा साधारण नाही.

भाडेकरार

तिमाहीचा नफा चारने गुणून पी/ई काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. वेस्टलाइफचा धंदा महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत आहे, त्यामुळे पंचांग बघावंच लागतं. श्रावण जवळजवळ नेहमी जुलै ते सप्टेंबरमध्येच येतो, म्हणून ती तिमाही एरवीही मंद असते आणि वर्षागणिक तुलनेत ते कटतं. पण २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, त्यापुढे १५ सप्टेंबरपर्यंत निज. चिकन न खाणाऱ्यांचे दिवस लांबले आणि त्या तिमाहीची आधीच्या वर्षाशी तुलना सरळ राहिली नाही.

नवरात्र तर तिमाहीच बदलतं. २०२२ ला २६ सप्टेंबरला घटस्थापना, २०२३ ला १५ ऑक्टोबरला, २०२४ ला ३ ऑक्टोबरला, २०२५ ला परत २२ सप्टेंबरला. म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत नवरात्राचे बहुतेक दिवस पडले, आदल्या वर्षी त्या तिमाहीत एकही नव्हता. जुन्या दुकानांच्या विक्रीत अशा वेळी एकदोन टक्क्यांचा फरक दिसला तर आधी तारखा जुळवाव्यात आणि सप्टेंबर-डिसेंबर या दोन तिमाही एकत्र करूनच मागच्या वर्षाशी ताडून बघाव्यात.